पथकासाठी शिवकालीन वळणाचं सन्मानपत्र: नव्या चिटणिसाला चार गोष्टी

युद्धकला पथक असो, मर्दानी खेळांचा आखाडा असो, नाहीतर वर्षातून एकदा जुन्या पेहरावात गडावर जमणारी मंडळी असोत, कधी ना कधी कुणाचा तरी सत्कार ठरतोच. मग कुणीतरी म्हणतं, "या वेळी ट्रॉफी नको, जुन्या सनदेसारखं काहीतरी करू." आणि ज्याचं मराठी बरं, त्याच्या गळ्यात हे काम पडतं. तो बसतो आणि 'असीम शौर्य', 'दैदीप्यमान कर्तृत्व', 'रणधुरंधर' अशी विशेषणं ओततो, वर राजमुद्रा छापतो, कागद चहात बुडवून पिवळा करतो. समारंभात ते वाचलं जातं तेव्हा लग्नपत्रिकेचा मजकूर ऐकल्यासारखं वाटतं आणि लोक मोबाइल काढतात.

जुनी पत्रं अशी बोलतच नाहीत. सनद किंवा इनामपत्र हा कामाचा कागद होता. कुणी दिलं, कुणाला दिलं, कशाबद्दल दिलं, नेमकं काय दिलं आणि पुढे कुणी काय चालवायचं, एवढंच त्यात असे. विशेषणं असायची, पण ती मायन्यात, म्हणजे नावाआधीच्या मानाच्या साखळीत, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या मापाने. मजकूर सुरू झाला की कागद तपशिलावर येई. पत्राचा रुबाब त्या तपशिलात असतो. हे एकदा पटलं की बाकीचं काम सोपं होतं.

आधी माहिती काढा

लिहायला बसण्याआधी ज्याचा सन्मान आहे त्याच्याबरोबर काम केलेल्या दोघातिघांना गाठा. पहिल्या फटक्यात उत्तर येईल, "त्यांचं पथकासाठी फार मोठं योगदान आहे." या वाक्यावर सनद उभी राहत नाही. पुढे विचारत राहा. काय केलं? कधी केलं? त्याआधी काय अडत होतं? मध्ये काय बिघडलं?

समजा सन्मान ढाली करणाऱ्या गड्याचा आहे. चार प्रश्न विचारले की कळतं, की नव्या मुलांना सरावाला ढाली नव्हत्या, फळकुटं धरून चालायचं. यांनी चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत खपून बारा ढाली केल्या. चामडं दोनदा आखडलं, ते फेकून न देता पुन्हा भिजवून ताणलं. आतली मूठ प्रत्येकाच्या हाताचं माप घेऊन बसवली. पैसे विचारले तर घेतले नाहीत. आता पत्राला काहीतरी हाती लागलं. त्यातही आखडलेलं चामडं आणि हाताचं माप या दोन गोष्टी सोन्याच्या, कारण त्या फक्त याच माणसाबद्दल लिहिता येतात. दुसऱ्या कुणाच्या पत्रात जशाच्या तशा चालणारं वाक्य असेल तर ते खुशाल काढून टाका.

पत्र कुणाच्या नावाने?

हा प्रश्न नवे लोक सोडूनच देतात. अमेरिकेत बर्कलीला १९६६ साली सुरू झालेल्या सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अॅनाक्रोनिझम या संस्थेत युरोपच्या मध्ययुगाचा खेळ मांडतात. तिथे लढतीची स्पर्धा जिंकणारा काही महिन्यांसाठी राजा होतो आणि मानपत्रं त्याच्या नावाने निघतात. तो राजा काल्पनिक असल्याने कुणाचं काही बिघडत नाही. आपल्याकडे तसं चालत नाही. शिवछत्रपतींच्या नावाने नवं पत्र काढू नये आणि त्यांच्या तोंडी आपली वाक्यं घालू नयेत. भावनेचा प्रश्न आहेच, पण शिस्तीचाही आहे: असा कागद दहा वर्षांनी कुणाच्या तरी हाती लागतो, त्याचा फोटो फिरतो आणि 'महाराजांचं अप्रकाशित पत्र' म्हणून नाचवला जातो.

त्यामुळे पत्र 'समस्त पथक' यांच्या नावाने काढावं. वळणाला हे पूर्ण धरून आहे. गावची पांढरी (गावकरी मंडळी), गोतसभा, देशमुख-देशपांडे आणि समस्त मोकदम (पाटील) मिळून कागद करून देत असत आणि अशा कागदांत 'लेहोन दिल्हे ऐसे जे', म्हणजे 'लिहून दिलं असं की', अशी वाक्यरचना येते. राजाची 'आज्ञा केली ऐसी जे' घेण्यापेक्षा ही जास्त शोभते.

कागदाचा प्रकार

सगळ्या जुन्या कागदांना 'फर्मान' म्हणायची सवय सोडा. फर्मान बादशहाचं. आपल्या कामाचे प्रकार थोडे आहेत. एखाद्याला मान, पद किंवा वस्तू कायमची द्यायची तर सनद किंवा इनामपत्र. नव्याने आलेल्यांना किंवा रुसून गेलेल्यांना परत बोलवायचं, अटी सांगून भरवसा द्यायचा तर कौलनामा. एखाद्या गोष्टीला सगळ्यांची साक्ष हवी तर महजर.

महजर मला फार आवडतो आणि पथकांमध्ये तो जवळजवळ कुणी वापरत नाही. महजरावर हजर असलेल्यांची नावं येत आणि ज्याला सही येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी करी. पाटील नांगर काढी, न्हावी आरसा. जुना महजर पाहिला की तळाशी ही चिमुकली चित्रं ओळीने दिसतात. पथकात ज्येष्ठ सदस्याचा निरोप असेल तर सनदेऐवजी महजर करा आणि प्रत्येकाला आपापली निशाणी काढू द्या: कुणाचा दांडपट्टा, कुणाची लाठी, कुणाचा ढोल, स्वयंपाक सांभाळणाऱ्याची पळी. घरी भिंतीवर लावल्यावर माणूस वर्षानुवर्षं त्या निशाण्या बघत बसतो.

काळ एकच धरा

राज्याभिषेकाआधीची पत्रं आणि नंतरची पत्रं यांच्या पेहरावात फरक आहे. आधीच्या पत्रांच्या सुरुवातीला 'अज रख्तखाने', 'मशहुरुल अनाम' असे फारसी मायने येतात आणि कालगणना सुहूर सनाची. ६ जून १६७४ रोजी, शके १५९६ आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला रायगडावर राज्याभिषेक झाला. त्यानंतर राज्याभिषेक शक सुरू झाला, 'स्वस्ति श्री' आणि 'क्षत्रियकुलावतंस' आले. राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोशही त्याच काळातला. म्हणून फारसी शब्द एका रात्रीत गेले असं मात्र नाही. वसुलीच्या आणि इनामाच्या कागदांत उजूर (हरकत), तालीक (नक्कल), असल (मूळ कागद), मोर्तब (शेवटचा शिक्का) हे शब्द पेशवाईतही सुखाने नांदत होते. तेव्हा 'शुद्ध' करायच्या नादात प्रत्येक फारसी शब्द उपटू नका, कागद बेगडी होतो. फक्त डोकं एका काळाचं आणि धड दुसऱ्याचं, असं करू नका.

तारीख

तारखेला लोक घाबरतात, पण हिशेब सोपा आहे. राज्याभिषेक शक काढायचा तर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीनंतर इसवी सनातून १६७३ वजा करा, त्याआधीच्या महिन्यांत १६७४. म्हणजे २०२५ च्या दिवाळीत राज्याभिषेक शक ३५२. शालिवाहन शकासाठी गुढीपाडव्यानंतर ७८ वजा, म्हणजे १९४७, आणि संवत्सर विश्वावसु. संवत्सर, तिथी आणि वार मनाने लिहू नका, पंचांग उघडा. तिथी आणि वार जुळले नाहीत तर एखादा आजोबा भर सभेत उभा राहून सांगतो.

राज्याभिषेकाआधीचं वळण हवं असेल तर सुहूर सन. हे साल मृगाला बदलतं, म्हणजे सध्या ७-८ जूनच्या सुमाराला. मृगानंतर इसवी सनातून ५९९ वजा करा, आधी असाल तर ६००. आकडे अरबी शब्दांत लिहायचे आणि एकंपासून सुरुवात करून हजारापर्यंत चढत जायचं. एक ते नऊसाठी इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दहासाठी अशर, वीस अशरीन, तीस सलासीन, चाळीस अर्बैन, पन्नास खमसैन, साठ सितैन, सत्तर सबैन, ऐंशी समानीन, नव्वद तिसैन. शंभर मया, हजार अलफ. राज्याभिषेकाचं १०७५ हे साल 'खमस सबैन व अलफ' होतं आणि २०२५ च्या पावसाळ्यातलं १४२६ 'सीत अशरीन अर्बा मया व अलफ'. वाचणाऱ्याने हे ठसक्यात म्हटलं की सभा आपोआप गप्प होते, हा या गणनेचा वरकड फायदा.

मायना

मायना म्हणजे ज्याला पत्र आहे त्याच्या नावाआधीची मानाची साखळी. 'राजमान्य राजश्री' हा बहुतेकांना चालतो. मोठ्या मानकऱ्याला 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री'. विद्वानाला 'वेदमूर्ती राजश्री', पण ते वैदिक ब्राह्मणांसाठी होतं हे ध्यानात ठेवा. जुन्या मायन्यात आणि नमस्कारात जात, वय, नातं, दर्जा सगळं भरलेलं असे. कुणाला आशीर्वाद, कुणाला दंडवत, कुणाला नमस्कार हे त्यावर ठरे. आपल्या पथकाला ती उतरंड परत उभी करायची गरज नाही. सगळ्यांना एकच मायना ठेवा.

बायकांच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळा. 'वज्रचुडेमंडित' वाचायला भारदस्त वाटतं, पण तो सवाष्णीचा मायना आहे, आणि 'गंगाभागीरथी' विधवेचा. पट्टा फिरवणाऱ्या पोरीचा सन्मान तिच्या कुंकवावरून कशाला मोजायचा? त्यांनाही राजमान्य राजश्रीच; फार तर ज्येष्ठ असतील तर मातुश्री, एवढाच अपवाद.

आणखी एक नेहमीची गडबड: पत्र वरून खाली जातं, खालून वर जातं की बरोबरीत, हे न पाहता 'विज्ञापना' किंवा 'विनंती उपरी' घालणं. विज्ञापना धाकट्याने थोरल्याला करायची. मान देणाऱ्या पत्रात तिचं काम नाही.

मजकूर

आता वरच्या ढालींच्या माहितीचं पत्र करू. नावांच्या जागी जुन्या रिवाजाप्रमाणे 'अमुक' ठेवलं आहे.

॥ श्री ॥

स्वस्ति श्री राज्याभिषेक शक ३५२ विश्वावसु नाम संवत्सरे कार्तिक शुद्ध पंचमी भानुवासर ते दिवशी समस्त पथक मुक्काम अमुक यांनी राजमान्य राजश्री अमुक यांसी पत्र लेहोन दिल्हे ऐसे जे. पथकास ढाली नव्हत्या. नवे गडी फळकुटे धरोन सराव करीत, हात सोलोन घेत, ऐसे चालिले होते. हे वर्तमान तुम्हांस कळतांच तुम्ही आपला कामधंदा सांभाळोन चैत्रापासोन ज्येष्ठपर्यंत खपोन बारा ढाली सिद्ध केल्या. चामडे दोन वेळ आखडले, ते टाकिले नाही, फिरोन भिजवोन ताणिले. येकेक गडियाचे हाताचे माप घेऊन मूठ बसविली. मोल पुसिले तरी घेतले नाही. ऐसी मेहनत केली, हे जाणोन समस्त पथक तुम्हांवरी संतोषी होऊन तुम्हांस मान दिल्हा असे. बितपशील
शेला १
कडे १
दसरियाचे दिवशी पहिली ढाल उचलावयाचा मान १
येणेप्रमाणे दिल्हे असे. तरी सांप्रत व पुढे होणार गडी यांनी हा मान यांसी निर्वेध चालविणे. प्रतिवर्षी नूतन पत्राचा आक्षेप न करणे. या पत्राची प्रति लेहोन घेऊन मुख्य पत्र यांजवळ भोगवटियास परतोन देणे. जाणिजे. लेखनसीमा.

यात शूर, महान, थोर यांपैकी एकही शब्द नाही. 'मोल पुसिले तरी घेतले नाही' एवढ्यावर टाळ्या पडतात. वाक्यं छोटी आहेत आणि क्रियापदं भरपूर. जुनं मराठी अवजड असतं हा आपला गैरसमज. ते कामात गढलेल्या माणसाचं बोलणं आहे.

'ऐसे जे' हा पत्राचा उंबरठा. त्याच्या आधी कोण, कुणाला, कधी. त्याच्या नंतर हकिकत. हकिकतीत आधी अडचण, मग काम, मग कामातली अडचण. 'हे जाणोन' पासून निर्णय. ही चाल मोडू नका. मध्येच एखादं 'आणि म्हणूनच आम्हांला अभिमान वाटतो' घुसलं की माणूस सतराव्या शतकातून थेट गणेशोत्सवाच्या मंडपात येतो.

जुनेपणा आणायला थोडी रूपं पुरतात: करून ऐवजी करोन, दिले ऐवजी दिल्हे, यांना ऐवजी यांसी, त्यामुळे ऐवजी तरी किंवा याकरिता. प्रत्येक शब्दाला जुनी टोपी घालायला गेलात तर ऐकणाऱ्याला अर्थच लागणार नाही. संशय आला तर साधा शब्द ठेवा. 'योगदान', 'समर्पित भावनेने', 'प्रेरणास्थान' हे शब्द मात्र दिसताक्षणी काढा, ते आजच्या सत्कारसमारंभांचे आहेत.

देणगी आणि हुकूम

बितपशील हा या कागदांचा अस्सल दागिना आहे. वस्तूचं नाव आणि पुढे आकडा, दुसरं काही नाही. खऱ्या याद्यांत शेला, पागोटं, तिवट, किनखाब, कडी, तलवार अशा वस्तू येतात. मोठ्यांना पालखी, अबदागीर, चौघडा यांचा मान मिळे. पथकाची ऐपत शेल्याची असेल तर शेलाच लिहा. हाती सन्मानचिन्ह आणि कागदावर 'हत्ती १' असं करू नका. गंमतच करायची असेल तर ती मानात करा: मुक्कामात पहिला चहा, शेकोटीजवळची जागा, पावसात तंबूच्या मधोमध झोपायचा हक्क. हे मान पुढे खरोखर पाळले जातात आणि पथकाच्या रिवाजात मुरतात.

किताब द्यायचा असेल तर जुन्या साच्यात बसेल असा द्या. कुडतोजी गुजरांना प्रतापराव, हंसाजी मोहित्यांना हंबीरराव, संताजी घोरपड्यांना ममलकतमदार हे किताब सगळ्यांना माहीत आहेत, आणि म्हणूनच ते जसेच्या तसे उचलून आपल्या गड्याला लावू नयेत. सरखेल म्हटलं की आंग्रे आठवतात, सेनासाहेबसुभा म्हटलं की नागपूरकर भोसले. किताब त्या घराण्यांचे आहेत.

शेवटचा हुकूम गाळू नका. 'चालविणे', 'परतोन देणे' या ओळी लोकांना कोरड्या वाटतात, पण सनदेला सनदपण त्यांनीच येतं. पुढच्या कारभाऱ्याने नक्कल ठेवून मूळ कागद धन्याला परत द्यायचा, आणि दर वर्षी नवी सनद आण असं म्हणून त्याला छळायचं नाही, ही खरीखुरी तजवीज होती. इनाम कायमचं हे सांगायला पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने, आचंद्रार्क अशी पदं येत. पथकातला मान वंशपरंपरेने द्यायचा का, ते आधी विचारून घ्या. काही पोरं बापाची ढाल उचलायला मुळीच उत्सुक नसतात.

दान मोडणाऱ्याला शाप किंवा शपथ घालायचीही जुनी चाल आहे. शिलाहारांच्या काळातल्या गधेगाळ शिळा त्यासाठी प्रसिद्ध आहेत, वर चंद्रसूर्य आणि खाली जे कोरलंय ते सभेत वाचण्याजोगं नाही. इनामपत्रांतल्या धर्माच्या शपथाही आज नकोत. ओळ हवीच असेल तर 'जो या ढालीवर चहाचा पेला ठेवील त्यास समस्त पथकाची भांडी' एवढ्यावर भागवा.

शिक्का

'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही मुद्रा शिवछत्रपतींची. ती पथकाच्या कागदावर उठवायची नाही. संभाजी महाराजांची किंवा शाहू महाराजांचीही नाही. स्वतःची करा. संस्कृत अनुष्टुभ जमवायचा तर आठ-आठ अक्षरांचे चार चरण, प्रत्येकात पाचवं अक्षर लघू आणि सहावं गुरू, शिवाय दुसऱ्या आणि चौथ्या चरणात सातवं लघू. जाणकाराला दाखवल्याशिवाय कोरायला देऊ नका, कारण विभक्तीची चूक पितळेत कोरली की ती कायमची. त्यापेक्षा पेशव्यांची तऱ्हा सोपी: 'श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान'. दोन ओळी, शेवटी यमक, मराठी कानाला सरळ. पथकाचं दैवत किंवा गाव पहिल्या ओळीत, पथकाचं नाव दुसऱ्या ओळीत, झाली मुद्रा.

मुख्य शिक्का वर, मजकुराच्या आधी. मजकूर संपला की तळाशी लहान मोर्तब. शिवछत्रपतींच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरं आहेत. तिथे मजकुराची हद्द संपली, त्याखाली कुणी काही घुसडायचं नाही. कागद लांब असून दोन बंद, म्हणजे ताव, चिकटवले असतील तर जोडावर मागून शिक्का उठवा. हे सगळे शिक्के शाईचे. लाल मेणाचा थेंब ओतून त्यावर ठसा मारणं ही युरोपची रीत. आपल्याकडे लाख लागायची ती लखोट्याला.

कागद, लिपी, शाई

हातकागद घ्या, उभा आणि अरुंद. वर ऐसपैस जागा सोडा, डावीकडे मोठा समास. चहा, कॉफी, मेणबत्तीवर जाळलेल्या कडा, यातलं काहीही करू नका. ज्या दिवशी सनद मिळे त्या दिवशी ती कोरी करकरीत असे. आपलं पत्रही आजचं आहे, ते आजचंच दिसू दे. मागच्या बाजूला बारीक अक्षरात पथकाचं नाव आणि इसवी सन टाका. वतनाच्या भांडणांत बनावट महजर आणून पंचांना चकवायचे उद्योग जुन्या काळीही होतच होते, त्यात भर नको.

लिपी मोडी असेल तर उत्तमच. मोडी लिहिताना आधी पानभर आडव्या रेघा ओढतात आणि अक्षरं त्यांना लटकवत जातात. शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा बाऊ नाही. संगणकावरच्या मोडी फाँटने काढलेला मजकूर छापून चिकटवला की अक्षरं सुटी-सुटी उभी राहतात, मोडीचा ओघ येत नाही. त्यापेक्षा मोडी येणाऱ्याकडून लिहून घ्या, किंवा सरळ बोरूने बालबोधात, म्हणजे देवनागरीत, लिहा. त्यात कमीपणा नाही, राजमुद्राही बालबोधातच आहे. बोरूचं टोक तिरकं कापलेलं हवं आणि ते मध्ये मध्ये तासावं लागतं, म्हणून चार बोरू आधीच तयार ठेवा. शाई काजळीची, काळी. रंगीत वेलबुट्टी, सोनेरी अक्षरं यांचा मोह आवरा. दौलतीचा कागद तसा नसे.

हात बसवायचा तर खरी पत्रं नजरेखालून घाला. वि. का. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढून ठेवले आहेत, पहिला १८९८ चा. रोज एक पत्र मोठ्याने वाचलं तरी महिनाभरात ती चाल जिभेवर बसते. पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मूळ कागद आहेत. फोटोत कळत नाही, पण शाईचा दाब, घडीची खूण आणि मागचा शेरा पाहिला की आपल्या कागदावर काय कुठे घालायचं ते उमगतं.

वाचन

पत्र ऐकण्यासाठी लिहायचं आहे हे शेवटपर्यंत विसरू नका. वाचणाऱ्याला मूळ कागदावरून वाचायला लावू नये. त्याच्यासाठी बालबोधात मोठ्या टाइपात वेगळी प्रत काढा, थांबायच्या जागी उभ्या रेघा मारा, आकडे अक्षरांत लिहा. 'शेला १' हे 'शेला एक' असं वाचायचं, 'एक शेला' नाही. 'ऐसे जे' नंतर पूर्ण श्वास घ्यावा. नावाआधी क्षणभर थांबावं. 'जाणिजे' खालच्या सुरात. वरचा नमुना सावकाश वाचला तर दीड-दोन मिनिटांत संपतो, आणि तेवढंच बरं. एका संध्याकाळी पाच पत्रं असतील तर एकच पूर्ण वाचा, बाकीच्यांचा मायना, हकिकतीतली एक ओळ आणि बितपशील पुरे.

ललकारी देणारा आणि पत्र वाचणारा एकच माणूस नको. ललकारीचा आवाज वेगळा, वाचणाऱ्याचा वेगळा. ज्याला मान आहे त्याला आधी सांगून ठेवा की पत्र दोन्ही हातांनी घ्यायचं, नाहीतर तो सवयीने कॅमेऱ्याकडे बघत एका हाताने घेतो.

समारंभ संपला की लगेच नक्कल दफ्तरी लावा. एक जाड वही करा: अनुक्रम, तारीख, कुणाला, कशाबद्दल, बितपशील, लिहिणाऱ्याचं नाव. पुढच्या वर्षी 'पहिली ढाल कुणाची' यावर तंटा उभा राहिला की तीच वही काढायची आहे.